बँजो बंद करावा का? एक अल्बम, उलटसुलट रिव्ह्यू आणि माझा एक चुकलेला सल्ला



मागच्या रविवारी रात्री दुकान बंद करून घरी आले, तर मोबाइलवर एक लांबलचक मेसेज. पाठवणाऱ्या ताई फलटणच्या, आपल्या जुन्या बॅचमधल्या. सात वर्षं घरून पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात. सणाला दोनशे-अडीचशे पोळ्या सहज जातात. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितेय, नाव मात्र देत नाही.

मेसेज असा होता: "मॅडम, गूगलवर तीन रिव्ह्यू वाईट आलेत. एक म्हणतो तेच तेच असतं, नवीन काही नाही. दुसरी म्हणते पूर्वीसारखी चव राहिली नाही. तिसऱ्यानं नुसता एक स्टार दिलाय. मी ठरवलंय, पुरणपोळी बंद करून केक-पेस्ट्री सुरू करते. ओव्हन, डिस्प्लेचा फ्रीज, फर्निचर, सगळं मिळून दोन लाख ऐंशी हजारांचं कर्ज मंजूर होतंय. तुमच्याच व्हिडिओत सांगितलंय ना, बदला नाहीतर संपाल."

शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. कारण ते मी खरंच म्हटलंय. व्हिडिओ चांगला चालला होता, थंबनेलवर हेच वाक्य मोठ्या अक्षरात होतं. पण मी बोललेल्या एका वाक्यावर कुणी दोन लाख ऐंशी हजारांचा हप्ता अंगावर घेणार असेल, तर ते वाक्य पुन्हा तपासून बघणं माझं काम आहे. आजचा लेख त्यासाठीच. आणि तो मी एका गाण्याच्या बँडच्या गोष्टीतून सांगणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

एक बँड, एक बँजो

मी पुण्यात बीबीए करत होते तेव्हा माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर एक अल्बम सतत वाजायचा. बँडचं नाव मम्फर्ड अँड सन्स. नावावरून वाटतं एखादं पिढीजात किराणा दुकान असावं, "मम्फर्ड आणि मुलं". प्रत्यक्षात बाप-लेक वगैरे काही नाही. लंडनमधली चार मुलं: मार्कस मम्फर्ड, बेन लव्हेट, विन्स्टन मार्शल आणि टेड ड्वेन. २००७ मध्ये त्यांनी बँड सुरू केला आणि २००९ मध्ये 'साय नो मोअर' हा पहिला अल्बम काढला.

फोक रॉक म्हणजे काय, तर लोकसंगीताचा बाज आणि रॉकचा जोर. यांच्याकडे अकूस्टिक गिटार होती, पियानो-अकॉर्डियन होतं, उभा मोठा बास होता आणि सगळ्यात ठसठशीत म्हणजे बँजो. तुणतुण्यासारखा खणखणीत, पण भरभर वाजणारा. मार्कस गिटार वाजवत गायचा आणि त्याच वेळी पायानं मोठा ड्रम ठोकायचा. गाणं हळू सुरू व्हायचं, मग वाढत वाढत शेवटी सगळे मिळून आरोळी दिल्यासारखं गायचे. मला शब्द अर्धेच कळायचे. पण पाय आपोआप ठेका धरायचा. दोन सेकंद ऐकलं की लक्षात यायचं, हे तेच लोक.

धंद्याच्या भाषेत याला आपण काय म्हणतो? ओळख. दुकानाची पाटी न वाचता गिऱ्हाईक ज्या गोष्टीवरून तुम्हाला ओळखतं, ती.

२०११ च्या ग्रॅमी सोहळ्यात हे लोक बॉब डिलनसोबत एका मंचावर वाजवून आले. सप्टेंबर २०१२ मध्ये दुसरा अल्बम आला, 'बेबल'. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. गल्ला भरलेला, मान मिळालेला.

आणि समीक्षक काय म्हणत होते? बरेचसे खूश होते, पण एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: हा तर पहिल्याच अल्बमचा दुसरा भाग झाला. तोच बँजो, तोच ठोका, तशीच चढत जाणारी गाणी. त्यात तोपर्यंत बाजारात तशाच ठेक्याच्या, टाळ्या आणि आरोळ्यांच्या गाण्यांचं पीक आलेलं. मग यांची टिंगलही सुरू झाली. बँडनं ती खिलाडूपणे घेतली. २०१३ मध्ये त्यांच्या एका गाण्याच्या व्हिडिओत स्वतः न दिसता चार अमेरिकन विनोदी नटांना दाढ्या लावून, बंड्या घालून उभं केलं आणि स्वतःचीच नक्कल करून घेतली.

आपल्या ताईंना आलेला पहिला रिव्ह्यू आठवा: "तेच तेच असतं". ग्रॅमी मिळालेल्यांनाही तोच आला होता.

मग त्यांनी बँजो ठेवून दिला

मोठा दौरा संपवून त्यांनी २०१३ च्या शेवटी विश्रांती घेतली. मे २०१५ मध्ये तिसरा अल्बम आला, 'वाइल्डर माइंड'. बँजो गायब. पायानं ठोकायचा ड्रम गायब. त्याऐवजी इलेक्ट्रिक गिटार, पूर्ण ड्रम सेट, सिंथेसायझर. पहिल्या दोन अल्बमचा निर्माता मार्कस ड्रॅव्ह्स होता, या वेळी जेम्स फोर्ड. गाण्यांची सुरुवातीची जुळवाजुळव न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, 'द नॅशनल' या बँडच्या ॲरन डेसनरच्या स्टुडिओत झाली होती.

हा बदल समीक्षकांच्या भीतीनं केला असं मला वाटत नाही. आधीच्या दौऱ्याच्या शेवटी-शेवटी साउंडचेकला जी नवी गाणी ते वाजवून बघायचे, त्यांत बँजो नव्हताच, असं बँडनं तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे कंटाळा आधी त्यांनाच आला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिव्ह्यू आले आणि ते अगदी उलटसुलट. काहींनी हिमतीचं कौतुक केलं: यशस्वी फॉर्म्युला हातात असताना तो सोडायला धाडस लागतं, गाण्यांना मोठेपण आलंय. बाकीच्यांनी म्हटलं: बँजो काढल्यावर राहिलं काय? मोठ्या स्टेडियममध्ये वाजणाऱ्या दहा बँडसारखा हा अकरावा. गंमत बघा. तीन वर्षांपूर्वी "तेच तेच" म्हणणारं जग आता "तुमचं स्वतःचं काय उरलं" असं विचारत होतं.

विक्री? ब्रिटनमध्ये पहिला नंबर, अमेरिकेत पहिला नंबर. पण अमेरिकेतला पहिल्या आठवड्याचा आकडा अडीच लाखांच्या आसपास. सहा लाखांवरून अडीच लाख.

इथे बरेच जण चटकन निष्कर्ष काढतील: "बघा, बँजो सोडला आणि धंदा निम्म्याच्या खाली आला." थांबा. २०१२ ते २०१५ या काळात लोक अल्बम विकत घेणं सोडून मोबाइलवर स्ट्रीमिंगनं ऐकायला लागले होते. सगळ्यांचीच विक्री घसरत होती. २०१५ चा आकडा मोजायची पद्धतही वेगळी, त्यात स्ट्रीमिंग धरलेलं. म्हणून सहा आणि अडीच हे दोन आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करता येत नाही. आपणही हीच चूक करतो. या वर्षीचा जून गेल्या वर्षीच्या दिवाळीशी लावतो आणि रडतो. तुलना करायची तर जून जूनशी, दिवाळी दिवाळीशी.

तरीही एक गोष्ट खरीच राहते. पहिल्या आठवड्यात माल घेणारे लोक जुन्या नावावर घेतात. अल्बम पहिल्या नंबरावर आला तो बऱ्याच अंशी 'बेबल'च्या पुण्याईवर. नवीन मालाची परीक्षा त्यानंतर सुरू होते. दुकानाचं नूतनीकरण केल्यावर पहिला महिना तोबा गर्दी असते, ती बघून बदल यशस्वी झाला असं समजू नका. हे मी पुस्तकातून शिकले नाही. पैसे घालवून शिकले.

माझ्या दुकानातला बँजो

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साताऱ्यात माझं बॅगांचं दुकान आहे. शाळेची दप्तरं, प्रवासी बॅगा, पर्स. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं आणि तेव्हापासून पुढच्या बाजूला एक शिलाई मशीन होतं. तिथे एक काका बसायचे. बॅगेची चेन बदलणं, रनर बसवणं, तुटलेला पट्टा शिवणं. तीस रुपये, पन्नास रुपये, फार तर शंभर.

मी दुकान हातात घेतलं तेव्हा डोक्यात बीबीएची हवा होती. त्यात कुणीतरी ऑनलाइन रिव्ह्यू टाकला: "दुकान जुनाट वाटतं, पुढेच दुरुस्तीचा पसारा." मला ते फार लागलं. हिशेब केला. मशीनची जागा साधारण चाळीस चौरस फूट. दुरुस्तीतून महिन्याला सुटतं ते काकांच्या पगारात जातं. मग ठेवायचं कशाला? काकांना मागच्या गाळ्यात बसवलं, सहा महिन्यांनी ते काम बंदच केलं. पुढे काच, लाइट, नामांकित कंपन्यांच्या ट्रॉली बॅगा.

उद्घाटनाला गर्दी. पहिला महिना झकास. फोटो काढून चॅनलवर टाकले. तेव्हाच तो "बदला नाहीतर संपाल" व्हिडिओ केला होता. म्हणजे बघा, निकाल लागायच्या आधीच पेढे वाटले.

चौथ्या महिन्यापासून दुकानात पाय कमी पडायला लागले. माल चांगला होता, भाव बरोबर होता, तरी माणूस येईना. एक दिवस एक आजी आल्या. नातवाच्या दप्तराची चेन तुटलेली. मी म्हटलं, "आजी, दुरुस्ती आता करत नाही." त्या म्हणाल्या, "मग गं बाई, तुझ्याकडं आणि त्या मॉलमधी फरक काय?" आणि निघून गेल्या.

रात्री बिलबुकं काढून बसले. जुन्या बिलांमध्ये नवी बॅग घेणाऱ्यांची नावं आणि दुरुस्तीच्या पावत्यांवरची नावं पडताळली. कितीतरी नावं दोन्हीकडे. माणूस चेन बसवायला यायचा, काका म्हणायचे "ही आता टिकायची नाही, शिवून देतो पण दिवाळीला नवी घ्या", आणि तो दिवाळीला आमच्याकडेच यायचा. तीस रुपयांचं ते काम माझी जाहिरात होतं. मी त्याला पसारा समजले होते.

मशीन परत आणलं, पण होतं तसं नाही. काचेच्या पलीकडे, स्वच्छ, लाइटखाली, बाहेरून दिसेल असं. पावतीवर देण्याची तारीख. काकांना परत बोलावताना मान खाली घालावी लागली, ती घातली. दुकान जुनाट वाटतं हा रिव्ह्यू खोटा नव्हता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. त्याला पसाऱ्याचा त्रास होता. मी पसाऱ्याबरोबर दुरुस्तीच काढून टाकली.

माझं मत काय?

आता मुद्द्यावर येते. 'वाइल्डर माइंड'बद्दल माझं मत विचाराल तर सांगते: त्यांनी बदल केला हे योग्यच होतं, पण एका बाबतीत समीक्षक बरोबर होते.

आधी योग्य का ते सांगते. बनवणाऱ्याचा कंटाळा हा खराखुरा खर्च आहे. तो वहीत दिसत नाही, पण मालात उतरतो. ज्याला स्वतःच्याच वस्तूचा वीट आलाय तो पुढची वस्तू हात राखून बनवतो. बँजो बळजबरीनं वाजवला असता तर तिसरा अल्बम आणखी फिका झाला असता. म्हणून "जे चालतंय तेच करत राहा" हा सल्लाही मी डोळे झाकून देणार नाही. शिवाय प्रत्येक नव्या मालाला जुन्या मालाचं माप लावणं हा समीक्षकांचाही आळशीपणा आहे. त्या अल्बममधली काही गाणी मला आजही आवडतात.

आता समीक्षकांचं बरोबर काय? ओळखीची गोष्ट काढली, तर त्या जागी दुसरी ओळखीची गोष्ट यायला हवी. नुसती चांगली वस्तू पुरत नाही. इलेक्ट्रिक गिटार चांगलीच होती, पण ती शंभर जणांकडे होती. माझ्या ट्रॉली बॅगा चांगल्याच होत्या, पण त्या मॉलमध्येही होत्या. आणि ताई, तुमचा केक चांगलाच होईल, पण फलटणमध्ये केक मिळणारी दुकानं किती आहेत ते मोजा, आणि "यांच्याकडचीच पुरणपोळी हवी" म्हणणारी घरं किती ते मोजा.

बदल करायचा तर कसा, याचं एक जुनं उदाहरण याच संगीतातलं आहे. बॉब डिलन लोकसंगीतातला मोठा माणूस. त्याला इलेक्ट्रिककडे जायचं होतं. मार्च १९६५ मध्ये आलेल्या त्याच्या अल्बमच्या एका बाजूला इलेक्ट्रिक बँडसोबतची गाणी होती आणि दुसरी बाजू मुख्यतः अकूस्टिक होती. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा लोकांनी हुर्यो केली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यानंतर तो अकूस्टिक गिटार घेऊन पुन्हा मंचावर आला आणि गायला, हे फार जण सांगत नाहीत. तो नव्या मालाकडे गेलाच, मागे हटला नाही. पण त्याचे शब्द आणि त्याचा आवाज कुणी चोरू शकत नव्हतं. ते त्यानं प्रत्येक वेळी सोबत ठेवलं.

मम्फर्डवाल्यांनीही एक शहाणपण केलं होतं, ज्याकडे कमी लक्ष गेलं. अल्बममध्ये बँजो नव्हता, पण कार्यक्रमांत जुनी बँजोची गाणी ते वाजवत राहिले. म्हणजे नवीन माल काचेत लावला, पण जुना माल मागणाऱ्याला "आता ठेवत नाही" असं तोंडावर सांगितलं नाही. माझ्या मते हा निर्णय अल्बमपेक्षाही जास्त अभ्यास करण्यासारखा आहे.

आणखी एक. बदल म्हणजे जुनं फेकणं, हे गणितच मुळात खरं नाही. याच बँडनं लॉरा मार्लिंग या गायिकेसोबत आपल्याकडे, दिल्लीत येऊन राजस्थानी लोककलावंतांच्या 'धरोहर प्रोजेक्ट'बरोबर गाणी रेकॉर्ड केली होती. २०१० मध्ये ती छोट्या संग्रहाच्या रूपात आली. तिथे बँजोही आहे आणि राजस्थानी गायकीही. नवीन आलं, जुनं गेलं नाही.

उलटसुलट रिव्ह्यू कसे वाचायचे?

सगळे चांगले रिव्ह्यू आले तर आपण खूश, सगळे वाईट आले तर निदान दिशा कळते. खरी पंचाईत मिक्स रिव्ह्यूची. मी माझ्यापुरती एक पद्धत बसवलीय. वहीत तीन रकाने करा.

पहिला रकाना: हा माणूस गिऱ्हाईक आहे की प्रेक्षक? समीक्षक वर्षाला शेकडो अल्बम ऐकतो. त्याला "तेच तेच" फार लवकर वाटतं. ज्यानं वर्षातून एकदा अल्बम घेतला, त्याला तेच हवं असतं. पुरणपोळीचंही तसंच. वर्षाला दोनदा मागवणाऱ्याला होळीला पुरणपोळीच हवी असते, नावीन्य नको असतं. "तेच तेच" म्हणणारा तुमच्याकडून किती वेळा घेतो ते आधी बघा.

दुसरा रकाना: तक्रार वस्तूबद्दल आहे की तिच्या आजूबाजूच्या गोष्टींबद्दल? माझ्याकडे तक्रार पसाऱ्याची होती, दुरुस्तीची नव्हती. पॅकिंग, वेळ, फोन न उचलणं, सुट्ट्या पैशांवरून वाद, यांमुळे गेलेले स्टार वस्तू बदलून परत येत नाहीत.

तिसरा रकाना: जुनं गिऱ्हाईक काय म्हणतं? हे ऑनलाइन सापडणार नाही. पाच वर्षं येणारा माणूस रिव्ह्यू लिहीत नाही, तो येतो किंवा यायचा थांबतो. वहीतून यायची थांबलेली नावं काढा आणि फोन करा. "काही चुकलं का आमचं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. समोरचा बोलेल.

ताईंशी फोनवर बोलताना आम्ही हेच केलं. एक स्टारवाल्याची ऑर्डर त्यांच्याकडे कधी नोंदलेलीच नाही. "तेच तेच" म्हणणारा एकदाच आलेला. पण "पूर्वीसारखी चव नाही" म्हणणाऱ्या बाई? त्या सहा वर्षांच्या गिऱ्हाईक. मी विचारलं, "ताई, या वर्षात काही बदललंय का?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "गुळाचा व्यापारी बदललाय मॅडम. किलोमागं आठ रुपये वाचत होते."

तीन रिव्ह्यूंपैकी एकच खरा कामाचा होता. आणि त्याचं उत्तर दोन लाख ऐंशी हजारांचं नव्हतं, किलोमागे आठ रुपयांचं होतं.

पण बदलायचंच असेल तर?

ताई पुढे जे बोलल्या ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. "गूळ बदलते मी. पण खरं सांगू? मला कंटाळा आलाय. सात वर्षं पुरणच वाटतेय. मनगट दुखतं."

हा झाला बँडचा साउंडचेक. रिव्ह्यू निमित्त होतं, कंटाळा आतून होता. याला "सहन करा" हे उत्तर नाही. मी सुचवलं ते एवढंच: मनगटासाठी पुरण वाटायचं यंत्र आणि सणाच्या दिवसांत हाताखाली एक बाई. बाकी दिवसांत पोळी फक्त शनिवार-रविवार. मधल्या दिवसांत केक करून बघा, पण घरच्या छोट्या ओव्हनवर, ओळखीच्या वीस घरांत, पैसे घेऊन. फुकट वाटलेल्या केकला सगळे छान म्हणतात. तीन महिन्यांनी आकडे बघू. तेव्हाही कर्ज घ्यावंसं वाटलं तर मी स्वतः बँकेत सोबत येईन.

त्यांनी अजून ठरवलेलं नाही. कर्जाच्या कागदांवर सही राहिलीय. निर्णय त्यांचा आहे आणि केक उत्तम चाललाही असेल उद्या. मी फक्त एवढंच म्हणतेय की माझ्या थंबनेलवर तो घेऊ नका.

त्या बँडचं पुढे काय झालं, तेही सांगते. २०१८ मध्ये चौथा अल्बम 'डेल्टा' आला, बँजो थोडा-थोडा परतला, रिव्ह्यू पुन्हा मिश्र, अमेरिकेत पुन्हा पहिला नंबर. २०२१ मध्ये बँजो वाजवणारा विन्स्टन मार्शलच बँड सोडून गेला. उरलेल्या तिघांनी मार्च २०२५ मध्ये 'रशमीअर' काढला आणि त्यात जुना लोकसंगीताचा बाज पुन्हा ऐकू आला. म्हणजे 'वाइल्डर माइंड'पासून दहा वर्षांची फेरी. त्यांना ती परवडली, कारण मागे ग्रॅमी होतं आणि पुढे भरलेली मैदानं होती. आपल्या मागे दर महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता असतो. आपली फेरी तीन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी आणि ती थोड्या पैशांत व्हायला हवी.

म्हणून त्या जुन्या व्हिडिओचं शीर्षक मी बदलतेय. व्हिडिओ काढून टाकत नाही, खाली माझी चूक लिहून ठेवतेय. नवं शीर्षक तितकं चटपटीत नाही, व्ह्यूज कमी येतील बहुतेक. येऊ देत.

या आठवड्याचं काम

एक: ओळखीच्या पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "आमच्याकडची कुठली एक गोष्ट बंद झाली तर तुम्ही यायचं थांबवाल?" पाचांपैकी तिघांनी एकच नाव घेतलं, तर तो तुमचा बँजो.

दोन: तुम्हाला स्वतःला कशाचा कंटाळा आलाय ते प्रामाणिकपणे लिहा. दोन्हीचं उत्तर एकच निघालं, तर घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी मला लिहा, आपण बोलू.

तीन: गेल्या वर्षभरात "पैसे वाचतात" म्हणून कच्च्या मालात काय बदललंत ते आठवा. ताईंचा गूळ विसरू नका.

उत्तरं कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यांतली काही घेऊन बोलेन. आणि हो, साताऱ्याला आलात आणि बॅगेची चेन तुटली, तर दुकानात या. काका आहेत.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा नीट करा, तब्येत सांभाळा.